गेटाबाहेर उघडतंय का?

मागच्या आठवड्यात मी एम.ए.च्या ग्रुपवर एका लेखाची लिंक टाकली आणि तासाला गेलो. हजेरी घ्यायच्या आतच दुसऱ्या बाकावरची एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, “सर, गेटाबाहेर उघडून बघितली का?”

सगळा वर्ग हसला. मीही हसलो. दुसरं काय करणार, बघितली नव्हती. कंटाळा केला होता.

या पोरीने लायब्ररीच्या वैद्यबाईंना कधी पाहिलेलं नाही. ती कॉलेजात यायच्या आधीच बाई रिटायर होऊन नगरला गेल्या. तरी बाईंचं वाक्य कर्जतला राहिलं, आणि ते सगळ्यात जास्त माझ्यावर वापरलं जातं. पोरांना वाटतं ही गमतीने म्हणायची गोष्ट आहे. ती गमतीची कशी नव्हती, हे एकदा लिहून ठेवावं म्हणून बसलोय.

आधी माझ्याविषयी. मी आमच्या वस्तीवरचा पहिला पदवीधर. ही गोष्ट मी भेटणाऱ्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगतो. तुम्हाला आज जरा उशीरच झाला. माझ्या दारावर नावाची पाटी आहे. नोकरी लागायच्या आधीच करून घेतली होती. पाटीवाला म्हणाला होता, “डिग्र्या एवढ्या मोठ्या केल्या तर नाव बारीक व्हईल. चालंल का?” मी म्हटलं, चालेल. आजही पोस्टमन नाव वाचायला पाटीजवळ तोंड नेतो.

सुनंदा वैद्य आमच्या कॉलेजच्या ग्रंथपाल. राहायला नगरला. वडील तिथल्या कोर्टात कारकून होते, त्याच घरात त्या एकट्या राहायच्या. रोज पहाटेची एसटी धरून कर्जतला यायच्या आणि संध्याकाळच्या गाडीने परत. नोकरीची सगळी वर्षं असंच अपडाऊन. ड्रायव्हरच्या मागची खिडकी त्यांची. कंडक्टर बदलले तरी खिडकी बदलली नाही.

लायब्ररीत ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि तिच्या बरोबर खाली बसून बाई बोलायच्या तर आवाज कबड्डीच्या मैदानावर जायचा. “तुमचं ते लाल कव्हरचं पुस्तक परवा द्यायचं होतं, चव्हाण!” असं त्यांनी आतून म्हटलं की बाहेर चालता चालता चव्हाण थांबायचा. अकरा वाजता त्या पेरू खायच्या, चार फोडी करून, आणि एक फोड जो कोणी समोर असेल त्याला द्यायच्या. तो नको म्हणाला तरी द्यायच्या. सगळं लिहिणं पेन्सिलीने. रजेचा अर्जसुद्धा. प्राचार्यांनी एकदा तो परत पाठवला, तर बाईंनी त्यावर पेन्सिलीनेच लिहिलं, “खोडायला सोपं जावं म्हणून.” रजा मंजूर झाली.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी कुणाला सांगत नाही. आता लिहितोय तर सांगतो.

एफ.वाय.ला असताना मी पहिल्यांदा लायब्ररीत गेलो. दारातून आत बघितलं. फरशी पुसलेली, भिंतीला सरस्वतीचा फोटो, उदबत्तीचा वास. मी चपला बाहेर काढल्या आणि अनवाणी आत गेलो. आतली पोरं बूट घालून बसलेली होती हे मला दिसलं, पण तोवर मी मधोमध आलो होतो. मागे फिरलो तर सगळ्यांना कळणार, पुढे गेलो तर पाय दिसणार. शेवटी वाचायच्या टेबलापाशी बसलो आणि पाय खुर्चीखाली दुमडून घेतले. दोन तास. पुस्तक कुठलं होतं आठवत नाही, मुंग्या आलेल्या आठवतात. जाताना बाईंनी फक्त पेरूची फोड दिली.

दुसऱ्या दिवशी गेलो तर दाराला पाटी. ‘चपला घालून आत यावे.’ मला हायसं वाटलं. कॉलेजचा नियमच आहे म्हटल्यावर प्रश्न मिटला. वर मी आमच्या वस्तीवरच्या दोघा-तिघांना ऐटीत सांगितलं, “लायब्ररीत चपला काढायच्या नसतात, एवढं पण माहीत न्हाई व्हय तुम्हाला?”

पुढे मी एम.ए. झालो, सेट झालो आणि त्याच कॉलेजात अर्थशास्त्र शिकवायला लागलो. रुजू झालो त्या दिवशी बाई मला म्हणाल्या, “या, शिंदेसर. तुम्ही कसे आहात?” आदल्या वर्षापर्यंत मी ‘तू’ होतो. मला एकाच वेळी छाती फुगल्यासारखं आणि घरातून बाहेर काढल्यासारखं झालं.

तोवर लायब्ररी बदलली होती. कपाटं तीच, पण कॉलेजने ई-जर्नलची वर्गणी भरली होती आणि हजारो लेख आता कॉम्प्युटरवर होते. बाईंचं वय रिटायरमेंटच्या जवळ आलेलं. आम्हाला वाटलं, बाई आता वैतागणार. त्या वैतागल्या नाहीत. त्यांनी एक विचित्र काम सुरू केलं.

महिन्याच्या पहिल्या शनिवारी, चौथा तास सुटला की बाई आपला साधा मोबाईल घेऊन कॉलेजच्या गेटाबाहेर जायच्या. तिथे हमीदभाईचं पंक्चरचं दुकान. दुकानासमोर कडुनिंबाखाली एक लोखंडी खुर्ची होती. तिच्यावर बसायच्या आणि कॉलेजच्या यादीतली एकेक लिंक उघडून बघायच्या. उघडली की पेन्सिलीने बरोबरची खूण, नाही उघडली की फुली. हमीदभाई शेजारी पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे बघायचा.

“मॅडम, आज किती पंक्चर?”

“तीन.”

“माझे पाच. तुमचा धंदा बरा हाय, हात काळे व्हत न्हाईत.”

स्टाफरूममध्ये आम्ही यावर हसायचो. कॉलेजात वायफाय आहे, पंखा आहे, आणि बाई रस्त्यावर धूळ खात लिंका तपासतात. मी तर म्हणायचो, “नगरच्या आहेत. त्यांना आपल्या मातीची ओढ.” हा विनोद मी बऱ्याचदा केला. लोक पहिल्या वेळीच हसले होते.

मग मला पुण्याला पाच दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. विषय: ई-संसाधनांचा अध्यापनात वापर. सर्टिफिकेट मिळालं. मी ते लॅमिनेट करून घेतलं आणि स्टाफरूममधल्या माझ्या कपाटाच्या आतल्या बाजूला लावलं. मग कपाट उघडं ठेवायला लागलो.

ट्रेनिंगमध्ये चौथ्या दिवशी दुपारी ‘कायमस्वरूपी लिंक’ असा एक तास होता. त्या दुपारी जेवणात पुरणपोळी होती. एवढंच सांगतो.

परत आल्यावर मी एम.ए. भाग एकचा ग्रुप काढला. सेमिनार ठेवला, कांदा बाजारावर, वीस गुणांचा. पोरांना वाचायला तीन लेख दिले. कसे दिले? स्टाफरूमच्या कॉम्प्युटरवर लेख उघडला, वरच्या पट्टीतला पत्ता जसा दिसला तसा उचलला आणि ग्रुपवर चिकटवला. पत्ता चार ओळींचा होता. त्यात आकडे, टक्क्याची चिन्हं, बरोबरची चिन्हं, काय काय. मला तो पत्ता फार भारदस्त वाटला. टाकल्यावर मी स्वतः त्याच कॉम्प्युटरवर उघडून बघितला. उघडला.

पाच मिनिटांत पोरांचे रिप्लाय. “ओके सर.” “ओके सर.” “धन्यवाद सर.” कुणी अंगठा, कुणी हात जोडलेले. मी तो फोन घेऊन मुद्दाम लायब्ररीत गेलो आणि बाईंना दाखवला.

बाईंनी चष्मा वर केला, पत्ता बघितला. “शिंदेसर, हे गेटाबाहेर उघडतंय का बघितलंत?”

“मॅडम, मी ट्रेनिंग घेऊन आलोय.”

“ते बरं झालं. गेटाबाहेर बघा एकदा.”

“एवढे ओके आलेत की.”

“ओके म्हणजे तुमचा मेसेज मिळाला. लेख मिळाला असं कुठे म्हणतायत?”

मी पेरूची फोड न घेता निघून आलो. चालता चालता वाटलं, बाईंना नवीन पिढी पुढे गेलेली बघवत नाही.

सेमिनारचा दिवस आला. पहिला पोरगा उभा राहिला आणि कांद्यावर एक परिच्छेद म्हणाला. दुसरीने तोच परिच्छेद म्हटला. तिसऱ्याने तोच. चौथ्याने मधलं एक वाक्य गाळलं तेव्हा मला बरं वाटलं. सगळ्यांनी एकाच गाईडातून उतरवलं होतं. मी खवळलो. म्हटलं, “तीन-तीन लेख दिले, एक पण वाचला न्हाई? आमच्या वेळेला आम्हाला हे मिळत नव्हतं!” पोरं खाली मान घालून बसली. एकाच्याही तोंडातून निघालं नाही की सर, लिंक उघडली नाही.

सारिका आलीच नव्हती. मिरजगावच्या पुढच्या एका वस्तीवरची ही विद्यार्थिनी. लग्न झालेलं, एक मुलगी, नवरा नगरच्या एमआयडीसीत. बी.ए. झाल्यावर सहा वर्षांनी तिने एम.ए.ला नाव घातलं होतं. तिच्या दोन्ही घरांत तिच्याआधी कुणी कॉलेज पाहिलेलं नव्हतं. वर्गात कमी बोलायची, पण वहीत लिहून घ्यायची तेव्हा पेन थांबायचा नाही. मी तिच्या नावापुढे ‘गैरहजर, शून्य’ लिहिलं. पेनाने.

त्यानंतरच्या शनिवारी दुपारी बाई स्टाफरूमच्या दारात उभ्या राहिल्या. त्या स्टाफरूममध्ये कधी यायच्या नाहीत. हातात लायब्ररीचा रबरी शिक्का होता.

“शिंदेसर, जरा बाहेर या.”

त्यांच्यामागून मी चालायला लागलो. लायब्ररी गेली, ऑफिस गेलं, त्या चालतच होत्या. गेटाबाहेर, कडुनिंबाखाली येऊन थांबल्या.

“मोबाईल काढा. तुमची ती लिंक उघडा.”

मी उघडली. गेटाबाहेर कॉलेजचं वायफाय नव्हतं, माझा स्वतःचा डेटा होता. पांढरं पान आलं. मध्ये इंग्रजीत एक ओळ होती. तुमचं सेशन संपलं आहे.

दुसरी उघडली. तेच. तिसरी. तेच.

“रेंज नसंल,” मी म्हणालो.

हमीदभाई ट्यूब बुडवता बुडवता म्हणाला, “फुल हाय सर हितं रेंज. मी सकाळपासून क्रिकेट बघतोय.”

बाई नेहमीच्या आवाजात बोलल्या नाहीत. हळू बोलल्या, आणि तेच वाईट होतं. “हमीदभाई, समजा तुम्ही माझ्या घराचा पत्ता विचारलात आणि मी सांगितलं, तिथे एक लाल गाडी उभी आहे ना, तिच्या समोरचं घर. तुम्ही संध्याकाळी आलात. गाडी निघून गेलेली. मग?”

“मग काय, हिंडा गल्लीभर.”

“ह्यांनी पोरांना गाडीसमोरचं घर सांगितलंय.”

हमीदभाईने माझ्याकडे बघितलं. त्याला सेशन काय हे माहीत नव्हतं, पण माझं काय चुकलं ते त्याला माझ्याआधी कळलं.

मग बाईंनी सांगितलं. सकाळी सारिका लायब्ररीत आली होती. दोन पुस्तकं परत दिली, कार्ड दिलं आणि लायब्ररीचं काही बाकी नसल्याचा दाखला मागितला. तो असल्याशिवाय ऑफिस नाव काढत नाही. बाईंनी विचारलं, का सोडतेस? ती म्हणाली, “मॅडम, माझा मोबाईलच साधा हाय. सगळ्यांचं उघडलं, माझंच उघडत न्हाई. मला ह्यातलं जमत न्हाई.” मोबाईल बिघडलाय समजून ती मिरजगावला दुकानात घेऊन गेली होती. दुकानदाराने फोन पार साफ करून दिला. तरी लिंक उघडली नाही. मग तिने ठरवलं की चूक आपल्यातच आहे.

“सगळ्यांचं कुठं उघडलं?” मी म्हणालो.

“नाहीच उघडलं. पण सगळे ओके म्हणाले ना. तिने ते वाचलं.”

“मग तिने मला विचारायचं होतं.”

आणि इथे बाई चिडल्या. “तू विचारलं होतंस?”

इतक्या वर्षांनी ‘तू’.

“अनवाणी आला होतास, दोन तास खुर्चीखाली पाय घेऊन बसलास. विचारलंस मला, चपला काढायच्या की नाही? ती पाटी कुणासाठी लावली होती वाटलं तुला?”

खरंच सांगतो, तोवर मला ती पाटी कॉलेजची वाटत होती. मी तिच्या जिवावर लोकांना शहाणपण शिकवलं होतं.

“दाखला दिला का मग?” मी शेवटी विचारलं.

“शिक्का सापडत नाही म्हणून सांगितलंय,” बाई हातातल्या शिक्क्याकडे बघत म्हणाल्या. “सोमवारी ये म्हटलंय. सोमवारी मला खोटं बोलता येणार नाही.”

तिथेच खुर्चीवर बसून त्यांनी मला शिकवलं. पुरणपोळीच्या दुपारी जे शिकायचं होतं ते. वरच्या पट्टीतला पत्ता उचलायचा नाही. लेखाच्या नावाखाली साखळीचं एक बारीक चित्र असतं, तिथे दाबलं की त्या लेखाचा कायमचा पत्ता मिळतो. तो वर्षानेसुद्धा तिथेच नेतो. त्याच्यापुढे आपल्या कॉलेजच्या लॉगिनचा पत्ता जोडायचा, म्हणजे पोरगं कुठेही असो, वस्तीवर असो नाहीतर एसटीत, ते पान कार्डनंबर आणि पासवर्ड विचारतं आणि आत घेतं. कॉलेजच्या आत वायफायमुळे काही विचारतच नाही, म्हणून आतून सगळंच उघडतं. म्हणून गेटाबाहेर.

“त्यापेक्षा लेख डाऊनलोड करून पाठवले तर?” मी विचारलं. मला अजून काहीतरी सुचवायचंच होतं.

“ई-जर्नलच्या करारात बसत नाही. आणि त्यांच्या फोनात जागा असते का? गुड मॉर्निंगने भरलेत.”

तीन लिंका मी माझ्या हाताने तयार केल्या. पहिली चुकली, पुढचा पत्ता दोनदा जोडला गेला. बाईंनी पेन्सिलीने फुली मारली.

मग ग्रुपवर काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. मी लिहिलं, ‘काही तांत्रिक अडचणीमुळे.’ बाईंनी वाचलं. “अडचण कुठे राहते?” मी खोडलं. लिहिलं, ‘आधीच्या लिंकमध्ये चूक होती.’

“लिंक स्वतःच्या पायाने गेली होती का ग्रुपवर?”

शेवटी लिहिलं, ‘आधीच्या तिन्ही लिंका मी चुकीच्या पाठवल्या. कुणाच्याही मोबाईलमध्ये दोष नाही. सेमिनार पुन्हा होईल. शिंदे.’ पाठवायचं बटण दाबायला मला किती वेळ लागला ते हमीदभाईला विचारा, त्याने तेवढ्यात एका ट्रॅक्टरचं टायर काढलं. मग एकाने लिहिलं, “सर आम्हाला वाटलं आमचंच कायतरी चुकतंय.” मग दुसऱ्याने. मग सगळ्यांनी. त्या दिवशी एकही ओके आला नाही.

सारिकाचा रिप्लाय नव्हता. साफ केलेल्या फोनात ग्रुपच राहिला नव्हता.

रविवारी सकाळी बाई सुट्टी असून नगरहून मिरजगावला उतरल्या. मी मोटारसायकल घेऊन थांबलो होतो. मागे एका बाजूला पाय टाकून, पिशवी मांडीवर घेऊन बसल्या आणि वस्तीपर्यंतचा सगळा रस्ता माझ्या कानाशी त्यांच्या आवाजात बोलत होत्या. शेतात खुरपणाऱ्या बाया उभ्या राहून बघायच्या.

दारात सारिकाची सासू कांद्याची पात निवडत होती.

“कोन पायजे?”

“सारिका आहे का? कॉलेजातून आलोय,” मी म्हणालो.

“ती न्हाई येत आता कालेजात. तिला न्हाई जमत त्ये.”

“तिला जमतं, आजी,” बाई गाडीवरून उतरत म्हणाल्या. माझ्याकडे बोट केलं. “ह्यांना जमलं नाही.”

म्हातारीने मला वरून खालपर्यंत बघितलं. “ह्ये कोन?”

“सर आहेत तिचे.”

“आन् सरलाच जमंना?” ती म्हणाली. मग आत तोंड करून, “सारे, भाईर ये. पोरीच्या बारशाचं फोटू समदं गेलं त्या मोबाईलातनं, ह्या लोकांच्या पायी.”

एवढ्या वर्षांत मी भाषणं पुष्कळ केली. त्या दारात मी नुसता चपला काढून उभा राहिलो.

सारिका पदर सावरत बाहेर आली, मला बघून घाबरली. मी म्हणालो, “सारिका, लिंका मी चुकीच्या दिल्या होत्या. तुमचा मोबाईल चांगला होता.” ती बाईंकडे बघायला लागली, म्हणजे हे खरं आहे का असं. बाईंनी मान हलवली.

घरात रेंज नव्हती. “हौदावर चढलं की येती,” सारिका म्हणाली. मग आम्ही तिघं सिमेंटच्या हौदाच्या काठावर उभे राहिलो. बाई मध्ये. खाली शेवाळाचं पाणी, समोर म्हातारी कमरेवर हात ठेवून. मी लिंक एसएमएसने पाठवली. सारिकाने दाबली. पान फिरायला लागलं, फिरतच राहिलं. मी सेटच्या निकालाला एवढा घाबरलो नव्हतो. मग पानाने कार्डनंबर विचारला. सारिकाने उतरून घरात जाऊन वहीतली चिठ्ठी आणली. बाईंच्या पेन्सिलीच्या अक्षरात नंबर आणि पासवर्ड. एकेक अक्षर दाबलं.

“उघडलं,” ती म्हणाली. अगदी हळू. मग मोठ्याने, “मॅडम, उघडलं!”

“काय उघडलं गं?” खालून म्हातारी.

“लेख हाय आत्या. कांद्याचा.”

“काय लिवलंय कांद्याचं?”

सारिकाने दोन ओळी इंग्रजीत वाचल्या, थांबली, मग मराठीत सांगितलं, “बाजारात यापारी कमी असलं की भाव पडतो म्हणत्यात.”

म्हातारी आमच्याकडे बघत राहिली. “ह्येच्यासाठी कालेज व्हय? मला इचारलं असतं तर मी सांगितलं असतं की!” पण ती हसली, आणि आम्हाला हौदावरून उतरायला हात दिला. मला नाही, बाईंना.

सोमवारी सारिका लायब्ररीत आली तेव्हा मी तिथेच एका पुस्तकाआड उभा होतो. बाईंनी शिक्का टेबलावर ठेवला. “सापडला. पाहिजे का?”

“ठिवा तुमच्याकडंच,” सारिका म्हणाली आणि आपलं कार्ड परत मागून घेतलं. बाईंनी पेरूची फोड पुढे केली.

सेमिनार पुन्हा झाला. सारिकाने तिसरा लेख मांडला आणि शेवटी म्हणाली की लेखकाने शेतकऱ्यांना विचारलंय, पण कांदा निवडणाऱ्या बायांना विचारलेलं नाही. मला हे सुचलं नव्हतं. मी वहीतलं ‘शून्य’ खोडायला गेलो तर ते पेनाने लिहिलेलं. अजून त्या पानावर रेघोट्यांचा काळा डाग आहे.

दुसऱ्या वर्षी बाई रिटायर झाल्या. निरोपाच्या कार्यक्रमात मीही बोललो. बोललो म्हणजे वस्तीवरचा पहिला पदवीधर इथून सुरू करून मी माझ्या एफ.वाय.पर्यंत आलो तेव्हा चाळीस मिनिटं झाली होती आणि बाईंचं नाव अजून यायचं होतं. बाईंनी व्यासपीठावरून मला घड्याळ दाखवलं. सभागृहभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “शिंदेसर, माझी गाडी आहे.”

शाल, श्रीफळ, पिशवी घेऊन त्या गेटाबाहेर आल्या. मी मागे. एसटीला दहा मिनिटं होती. त्या कडुनिंबाखालच्या खुर्चीवर बसल्या, मोबाईल काढला आणि यादीतली पहिली लिंक दाबली. सवयीने. पान आलं, कार्डनंबर-पासवर्ड मागितला. त्यांनी घातला. खाली लाल अक्षरात ओळ आली. हे खातं बंद करण्यात आलं आहे.

मी चिडून म्हणालो, “ऑफिसवाल्यांना आजच बंद करायचं होतं का? निदान दोन दिवस...”

“मीच अर्ज दिला होता. आजच्या तारखेला बंद करा म्हणून.” त्यांनी मोबाईल लांब धरून ती ओळ पुन्हा वाचली. कांदेपोहे चांगले जमले की बायका जशा मान हलवतात तशी हलवली. “चोख आहे. लिंक बरोबर दारापर्यंत आणते. आत कोण येतंय ते विचारते. आता तू उघड.”

मी माझ्या मोबाईलवर तीच लिंक उघडली. उघडली.

बाईंनी पिशवीतून यादी काढून माझ्या हातात दिली, तिच्यावर पेन्सिल ठेवली. एसटी आली. ड्रायव्हरच्या मागच्या खिडकीत कुणीतरी बसलं होतं, तो बाईंना बघून आपणहून उठला. गाडी हलली तेव्हा बाई माझ्याकडे बघत नव्हत्या. मोबाईल डोळ्यांपासून लांब धरून काहीतरी दाबत होत्या. ते बंद झालेलं खातं पुन्हा एकदा तपासत असाव्यात, नीट बंद झालंय ना म्हणून.

गाडी वळणावर दिसेनाशी झाली. मी यादी हातात घेऊन, जरा ऐटीतच, बाईंच्या खुर्चीवर बसलो. खुर्ची एकदम उजवीकडे कलली आणि मी पाण्याच्या घमेल्यात हात घालून सावरलो.

हमीदभाईने टायर खाली ठेवलं. “तिचा एक पाय आखूड हाय सर. मॅडम बसताना खाली विटेचा तुकडा लावायच्या, जाताना काढून झाडापाशी ठिवायच्या. इतकी वर्सं. तुमी कधी बघितलंच न्हाई?”

मी ओला हात विजारीला पुसला आणि झाडाच्या बुंध्याशी वाकून विटेचा तुकडा शोधायला लागलो.